आजची तारीख

दुसऱ्याच्या लिहिण्यातली चूक दिसली की घरातल्या धाकट्या जावेला चैन पडत नसे. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा ती पेन्सिल घेऊन वाचायची. संगणकाच्या कंपनीत माहितीपुस्तिका तपासण्यात तिचं उभं आयुष्य गेलं होतं, आणि निवृत्त झाल्यावरही अवघड पानं कंपनी तिच्याकडेच घरी पाठवायची. "चुका काढणारी माणसं पुष्कळ मिळतात," साहेब म्हणायचे, "पण बाईंसारखं खणून कोण बघतं?"

त्या सकाळी आलेलं पान शोध कचेरीच्या कामाचं होतं. पूल कोसळला तेव्हा जी माणसं बेपत्ता झाली, त्यांच्या नोंदी ठेवायला ती कचेरी उघडली होती. डेटाबेसमधल्या एका फंक्शनला माणसाचा क्रमांक दिला, की तो शेवटचा कधी दिसला ती तारीख मिळायची. पानावर लिहिलं होतं, नोंद नसेल तर उत्तर रिकामं येतं. तसं होत नाही, अशी कुणाची तरी तक्रार होती.

धाकटीने कुणालाच न दिलेला एक क्रमांक टाकून पाहिला. उत्तर आलं, आजची तारीख. दुसरा टाकला. पुन्हा आजची. जो जन्मालाच आला नाही, तोही आज कुठेतरी दिसला होता.

घोटाळा तिच्या लक्षात आला. फंक्शन लिहिणाऱ्याने रिकाम्या जागी आजची तारीख भरायची सोय करून ठेवली होती, आणि पान लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. कारकून पानावर विसंबून लोकांना सांगत होते, तारीख आली आहे, म्हणजे कुणीतरी पाहिलंय. तक्रारीत एका बापाची हकीकत होती. मुलगी आज दिसली म्हणून तो रोज नवं गाव पालथं घालत होता. चपला झिजल्या, नोकरी गेली, तरी फिरतच होता.

वाचता वाचता धाकटीने पेन्सिल खाली ठेवली. थोरल्या जाऊबाई याच घरात राहत होत्या, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा त्या दिवशी पुलावर होता. आधी आधी थोरली भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग कचेरीत जायला लागली. आता रोज परत येऊन दारातूनच सांगायची, "आजचीच तारीख आहे गं," आणि त्याचे सदरे उन्हात टाकायला घ्यायची. त्या एका तारखेवर बाई उठून बसली होती. पान सुधारलं, की उद्या कारकून तिला खरं काय ते सांगणार.

दुपारपर्यंत धाकटीने पानाला हात लावला नाही. पण तो बाप काही डोळ्यांपुढून हलेना. शेवटी तिने लिहिलं : 'आजची तारीख आली, तर तो माणूस कुणालाही दिसलेला नाही असे समजावे.' पाठवण्याआधी मात्र ती स्वयंपाकघरात गेली. परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं.

"ताई, जरा बसता का?"

"बसते की. आज मीठ जास्त झालं वाटतं."

"मीठ नाही."

"मग नवलच म्हणायचं."

धाकटीने फोड करून सगळं सांगितलं. थोरली सदऱ्याची घडी घालत ऐकत होती.

"म्हणजे त्या पोरीच्या बापाला उगाच वणवण फिरवलं?"

"हो."

"अगं मग पाठव की ते. वाट कसली बघतेस?"

"ताई," धाकटी म्हणाली, "आपल्या पोराचंही तसंच असणार. त्याचीही जागा रिकामीच असेल."

"रिकामी कशी असेल? मी रोज जाऊन लिहून देते ना. मला बघितलं की कारकून आपण होऊन कागद पुढे करतो बिचारा."

"काय लिहून देता?"

"दिसला म्हणून."

नळ गळत होता. धाकटीने तो घट्ट बंद केला.

"कुठे दिसतो?"

थोरलीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू धाकटी आपल्याच घराचा पत्ता विचारत होती. "तुझ्या मागे. तू कामाला बसलीस की येतो. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाचत उभा असतो. मला वाटलं, तुला ठाऊक आहे. तूसुद्धा मध्येच थांबतेस, मान जराशी वळवतेस. म्हटलं, काकू-पुतण्याचं काहीतरी चाललंय, आपण कशाला नाक खुपसा."

धाकटीची मान वळायची, हे खरं होतं. अवघड वाक्यापाशी मानेला गार लागायचं, आणि ती खिडकीला दोष द्यायची. खिडकी तर कधीपासून गंजून बंदच होती. लहानपणी शाळेतून आला की तो असाच मागे उभा राहून वाचायचा. एखादा शब्द पटला नाही, तर बोलायचा नाही, जागचा हलायचाही नाही. मग तिलाच कळायचं.

ती परत खुर्चीत बसली. ऊन उतरत होतं. मागे वळून बघावंसं वाटलं, पण वळली नाही. आपण लिहिलेलं वाक्य तिने मोठ्याने वाचलं, आणि सावकाश वाचणारा शेवटच्या शब्दाशी पोचेपर्यंत थांबावं तशी थांबली.

मानेमागची हवा जागची हलेना.

तिने वाक्य पुन्हा वाचलं, आणि आपली चूक तिला दिसली. आज कुणी खरोखरच नोंद केली असेल, तर तेव्हाही आजचीच तारीख येणार. तिने सबंध ओळ खोडली आणि लिहिलं : 'आजची तारीख आली, तर नोंद आहे की नाही हे वेगळे तपासावे. नोंद असू शकते.'

मग पान पाठवलं, आणि खुर्ची जराशी पुढे ओढून घेतली. मागे भिंत फार जवळ होती, उभं राहणाऱ्याला अडचण झाली असती.