करडईचे तेल आणि दोन चकत्या

बुधवारी दुपारी सेलूहून आलेल्या जीपच्या टपावरून एक लांबट खोके वालूरच्या स्टँडवर उतरले. येडबाने ते खांद्यावर घेतले आणि थेट माझ्या ओट्यावर आणून ठेवले. येडबा माझा शेजारी. साठेक मेंढ्या आणि डझनभर शेळ्यांचा धनी. मेंढी खांद्यावर घेऊन नाला ओलांडणाऱ्या या माणसाने खोक्याकडे संशयाने पाहिले.

"मास्तर, फसवलं बगा पोरीला. ह्यात सायकल न्हाई. रिकामं हाय."

खोके उघडले. आत कागदात गुंडाळलेला काळा सांगाडा निघाला, आणि खाली पिशव्यांमध्ये चाके सोडून बाकीचे सुटे भाग. चाके दुसऱ्या खोक्यातून संध्याकाळच्या जीपने यायची होती. मी सांगाडा काट्याला अडकवला. मागच्या चाकाचा हलता दुवा आणि हवेचा शॉकॲब्सॉर्बर धरून तो तीन किलोही भरला नाही.

"लोखंडाचा न्हाई का?" येडबाने विचारले.

"कार्बनचा आहे. बारीक धाग्यांचे कापड थरावर थर देऊन चिकट राळेत बसवतात आणि साच्यात भाजतात."

त्याने अंगठ्याने सांगाड्यावरची वीण चाचपली. "मंग घोंगडीच की ही."

मी तंत्रनिकेतनात पदविका घेतली आणि पुढे एकतीस वर्षे प्रशिक्षणार्थींना फिटरचे काम शिकवले. परंतु कार्बनच्या सांगाड्याचे याहून नेमके वर्णन मला सुचले नसते.

हा सांगाडा येडबाच्या थोरल्या मुलीचा, राजेश्रीचा. कॉलेजसाठी ती तीन वर्षे रोज सेलूला सायकलने गेली आणि त्यातून तिला शर्यतींचा नाद लागला. नाशिकच्या प्रशिक्षक भक्ती मॅडम यांनी तिला एका स्पर्धेत पाहिले आणि आपला जुना सांगाडा सुट्या भागांसह पाठवून दिला. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी अट स्पष्ट लिहिली होती: येत्या रविवारी जिंतूरच्या डोंगरात होणाऱ्या शर्यतीत पहिल्या दहांत यायचे. आली, तर सहा महिन्यांच्या शिबिरात जागा. नाही आली, तर ती जागा दुसरीला. शर्यतीपूर्वी प्रत्येक सायकलची तपासणी होणार होती आणि ब्रेक सदोष असलेल्या सायकलला प्रवेश नव्हता.

"सर, चार दिवसांत व्हईल का?" राजेश्रीने मला विचारले.

"क्रमाने केले तर तीन दिवसांत होईल. घाईने केले तर आठ लागतील."

गुरुवारी सकाळी आम्ही आरंभ केला. माझ्या कामाच्या खोलीत भिंतीवर एक फळा आहे. त्यावर, नोकरीत असल्यापासून, मी पाच नियम पांढऱ्या रंगाने लिहून ठेवले आहेत. पहिला नियम असा: 'कोरे लोखंड रात्रभर कोरडे ठेवू नये.' हत्यार असो वा सुटा भाग, काम संपताच त्यावर तेलाचा हात फिरलाच पाहिजे. काळ्या मातीच्या या मुलखात ओल कधी कुठून येईल, याचा भरवसा नसतो. प्रत्येक बोल्ट हाती घेताना मी हा नियम राजेश्रीला ऐकवत होतो. तिची आई अंबाबाई दुपारची भाकरी घेऊन आली, तेव्हाही मी तेच सांगत होतो. अंबाबाई उंबऱ्यात बसून मन लावून ऐकत राहिल्या.

"हे बरोबर हाय मास्तरचं," त्या म्हणाल्या. "लोकर कातरायची कातर म्या एक दिवस कोरडी ठीवली, तर दुसऱ्या दिवशी तांबेरा."

काम नीट पुढे सरकत होते. सांगाड्याच्या सांध्यांतले बेअरिंग बसवले. पेडलचा कणा ज्या पेल्यांत फिरतो ते दोन पेले आवळले. त्यांतला उजवा उलट्या आट्याचा असतो. तिथे राजेश्रीने सरळ आट्याचा जोर लावायला घेतला, तेव्हा मी तिचा हात धरला. प्रत्येक बोल्ट किती जोराने आवळायचा, हे सांगाड्यावरच बारीक अक्षरात छापलेले होते. त्याप्रमाणे मोजून आवळणारा पाना मी परभणीहून मागवला होता. लोखंडाला जास्तीचा जोर सहन होतो. कार्बनला तडा जातो.

गिअरची वायर मात्र अडली. ती सांगाड्याच्या पोकळीतून न्यावी लागते. पुढून घातलेली वायर आत कुठेतरी वळत होती आणि मागच्या छिद्रापाशी काही केल्या येत नव्हती. दीड तास गेला. येडबा दारात टकळीवर लोकर कातत बसला होता.

"आवो मास्तर, नाडी कशी ओवतेत? सुईनं. सुई घाला की."

"सुई आत घातली, तर बाहेर कोण ओढणार?"

हे बोलता बोलताच मला उत्तर सापडले. कार्बनमधून चुंबकाची ओढ आरपार जाते. मोडक्या स्पीकरचे चुंबक काढले. येडबाने कातलेला बारीक धागा सुईत ओवला, सुई पुढच्या छिद्रात सोडली आणि चुंबक सांगाड्यावरून हळूहळू मागे नेले. आतून सुई सरकल्याचा कुरकुर आवाज येत होता. मागच्या छिद्रातून तिचे टोक डोकावले, तेव्हा येडबा असा हसला की दारातली शेळी दचकून उठली. त्या धाग्याला वायर बांधून ओढली. त्यानंतर मागच्या ब्रेकची नळीही त्याच वाटेने गेली.

शुक्रवारी शॉकॲब्सॉर्बरमधील हवा ठरवायची होती. स्वार बसल्यावर तो आपल्या लांबीच्या साधारण तीस टक्के दबला पाहिजे. त्यासाठी स्वाराचे अचूक वजन लागते.

"एकावन्न," येडबाने लेकीकडे नुसते पाहून सांगितले.

"आप्पा, मी काय बोकड हाव का?"

"बोकडाचं तर मी अर्ध्या किलोत सांगतो. तुझं एक किलो इकडं-तिकडं व्हईल."

गिरणीतल्या काट्यावर ती एकावन्न किलो तीनशे ग्रॅम भरली. त्या हिशेबाने मी हवा भरली. संध्याकाळी चाके बसली, ब्रेकच्या चकचकीत चकत्या चाकांवर चढल्या, साखळी फिरली. सायकल येडबाच्या अंगणात उभी राहिली आणि शनिवारी सकाळी तिची पूजा करायचे ठरले.

पूजा उत्तम झाली. हँडलला हार, पुढच्या नळीवर हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू. नारळ मात्र सायकलजवळ न फोडता दगडावर फोडावा, हा माझा आग्रह अंबाबाईंनी मान्य केला. मग राजेश्री सायकल घेऊन गावाबाहेरच्या कालव्याच्या भरावाकडे निघाली. आम्ही तिघे मागोमाग चालत गेलो. सपाट मुलखात चढ-उतार म्हणून तेवढाच एक भराव आहे.

ती वरून सुटली. मागचे चाक खडकावरून असे वरखाली होत होते की जणू पाणी वाहत आहे. मला समाधान वाटले. ते फार टिकले नाही. उताराच्या तळाशी तिने ब्रेक दाबले, तेव्हा चाकांतून मोठा किंचाळल्यासारखा आवाज आला आणि सायकल थांबण्याऐवजी वाट सोडून सरळ तुरीच्या शेतात शिरली. तुरीच्या शेंड्यांवर फक्त एक लाल हेल्मेट दिसत होते.

"राजे!" अंबाबाई ओरडल्या.

"काई न्हाई झालं, माय!" तुरीतून आवाज आला. "पर थांबंना झाली ही!"

तिच्या कोपराला खरचटले होते. हसत होती, पण मजजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, उद्या जिंतूरला अशीच ऱ्हायली, तर मला उभंबी करणार न्हाईत."

मी क्रमाने शोध सुरू केला. ब्रेकच्या नळीत हवा अडकली असावी, हे माझे पहिले अनुमान. पुढचे दोन तास मी दोन्ही नळ्यांतले द्रव बदलले, बुडबुडे काढले, पुन्हा भरले. हँडलवरचा ब्रेकचा दट्ट्या दगडासारखा कडक झाला. सायकल थांबली नाही. मग चकतीला दोन्ही बाजूंनी पट्ट्यांत चिमटणारी पकड सरळ रेषेत आहे का, ते तपासले. ती सरळ होती. एव्हाना बारा वाजत आले होते आणि मी सर्व काही तपासले होते, फक्त चकती बोटाने पुसून पाहिली नव्हती. पुसली. बोट चिकट झाले. वास घेतला.

तो वास या जिल्ह्यात जन्मलेल्या कोणालाही कळेल. करडईचे तेल.

"वहिनी," मी विचारले, "या चकत्यांना तेल कोणी लावले?"

अंबाबाईंचा चेहरा उजळला. "म्याच की! रातच्याला कातर, विळे, सगळ्यांना लावलं, तवा म्हनलं हिच्याबी कोऱ्या चकत्या हायेत, तांबेरा चढंल. दोन्हीकडून चोळून लावलं. अन् शनिवार लागायचा होता, मारुतीचा वार. तुमीच तर सांगितलं न्हवं, कोरं लोखंड कोरडं ठिवू नये?"

राजेश्रीने आईकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सांगितलं न्हाई का?" अंबाबाईंनी पुन्हा विचारले. आता त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"सांगितले," मी म्हणालो. "तीन दिवसांत किमान वीस वेळा. चूक तुमची नाही, वहिनी, माझी आहे. या चकत्या मुळात गंज न धरणाऱ्या पोलादाच्या आहेत. आणि ब्रेक हा एकच भाग असा की जो कोरडा असेल तरच काम करतो. अपवाद न सांगता मी नियम शिकवला."

"म्हंजे तेलानं बिघडलं?"

"हो."

"आगं माय!" त्या मटकन खाली बसल्या. येडबाने लगेच संधी साधली. "बग, मास्तरनं तुला विद्या दिली अन् तू परीक्षा दिली."

"गप बसा तुमी! पोरीची जागा जायलीय, अन् ह्यांना इनोद सुचायलाय."

चकत्या स्पिरिटने पुसणे सोपे होते. गावातल्या मेडिकलमध्ये स्पिरिट मिळाले. परंतु ब्रेकच्या पट्ट्यांनी तेल पिऊन टाकले होते. तशा पट्ट्या शनिवारी दुपारी वालूर, मानवत वा पाथरीत मिळणे शक्य नव्हते. परभणीच्या दुकानदाराने फोनवर सोमवार सांगितला. मी पट्ट्या काढून भिंगाखाली पाहिल्या. त्या राळेच्या असत्या, तर विषय तेथेच संपला असता. त्या धातूच्या भुकटीच्या होत्या, दाबून आणि भाजून केलेल्या. जे भट्टीत जन्मले ते विस्तवाला भीत नाही.

"वहिनी, चूल पेटवा. आणि जो तवा पुन्हा भाकरीला लागणार नाही, तो द्या."

अंबाबाईंनी बाभळीचे निखारे केले, ज्यावर मेंढ्यांचे औषध गरम करतात तो तवा ठेवला आणि त्यावर चारही पट्ट्या मांडल्या. हळूहळू धूर निघू लागला. सगळ्या गल्लीत फोडणीचा वास सुटला, पलीकडच्या तानुबाईंनी कुडावरून विचारले, "अंबे, आज काय बेत हाय गं?"

"ब्रेक!" अंबाबाई ओरडल्या.

धूर थांबेपर्यंत भाजायचे, थंड होऊ द्यायचे, पॉलिशपेपरवर घासायचे, पुन्हा भाजायचे. हे तीनदा केले. तिसऱ्यांदा धूर निघाला नाही. अंबाबाई तव्यापासून क्षणभरही उठल्या नाहीत आणि पट्टी उलटताना त्यांनी चिमटाही आधी राखेने घासून घेतला.

चारच्या सुमारास आम्ही पुन्हा भरावावर गेलो. नव्याने बसवलेल्या पट्ट्यांना चकतीची ओळख व्हावी लागते: वेग घ्यायचा, दाबायचे, पूर्ण न थांबता सोडायचे, असे तीस वेळा. मी दगडांनी मोजत होतो. पहिल्या दहा फेऱ्यांत फरक जाणवला नाही. पंधराव्या फेरीला किंचाळणे बंद झाले. बाविसाव्या फेरीला मागचे चाक अडखळून थांबल्यासारखे झाले. तिसावी फेरी पूर्ण वेगाने, वरपासून खालपर्यंत, असे ठरले.

ती सुटली आणि नेमका त्याच वेळी येडबाचा कळप भरावाखालून आडवा निघाला. म्होरक्या मेंढा वाटेच्या मधोमध उभा राहून तिच्याकडे बघू लागला.

"ए हुर्र! हाट!" येडबा धावला, पण मेंढ्या कधी घाईत असतात?

राजेश्रीने दोन्ही दट्टे दाबले. मागचे चाक किंचित उचलले गेले आणि सायकल उभी राहिली. पुढचे चाक आणि मेंढ्याचे नाक यांत वीतभर अंतर होते. मेंढ्याने टायर हुंगला व पुढे चालू लागला.

"तपासणी झाली," मी म्हणालो.

रविवारी सकाळी आम्ही जीपने जिंतूरला पोहोचलो. तपासणीच्या टेबलावरच्या तरुणाने, नागेश त्याचे नाव, एकेक चाक उचलले, फिरवले, ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबले. तो वाकून चकतीजवळ गेला. "ब्रेक झकास आहेत. पण हा वास कसला? कोणी भजी तळली का?"

अंबाबाईंनी पदर तोंडाला लावला. राजेश्रीच्या हँडलला पंधरा क्रमांकाची पट्टी लागली.

शर्यतीत चौतीस मुली होत्या. पहिल्या फेरीच्या शेवटी ती चौदावी होती. चढावर इतर मुली तिच्यापेक्षा सरस होत्या. आम्ही शेवटच्या नाल्याजवळ उभे होतो. तिथे उतार संपतो आणि वाट एकदम काटकोनात वळते. येणारी प्रत्येक मुलगी वळणाच्या बरीच आधी ब्रेक लावून सावकाश येत होती. राजेश्री मात्र दगडगोट्यांवरून तशीच उतरत आली. मी मनात अंतर मोजले. अंबाबाईंनी माझी बाही घट्ट धरली. अगदी वळणाच्या तोंडाशी तिने दाबले, वळली आणि गेली. त्या एका उतारावर तिने दोघींना मागे टाकले. पुढच्या फेरीत आणखी चौघींना.

ती आठवी आली. भक्ती मॅडमचा फोन मी तिच्या हाती देईपर्यंत येडबाने भोवतीच्या चार अनोळखी माणसांना ही बातमी सांगून टाकली होती.

"सर," ती धापा टाकत म्हणाली, "बाकीच्या भिऊन लवकर दाबायल्या. मला कुटं थांबल ते ठावं होतं. तीसदा मोजलं होतं ना."

घरी परतल्यावर मी फळ्यावरच्या पहिल्या नियमाखाली एक ओळ वाढवली: 'ब्रेक सोडून.' सोमवारी सकाळी राजेश्री शिबिरासाठी सामान बांधत होती आणि मी सायकल पुसत होतो. अंबाबाई तेलाची बाटली पाठीमागे लपवून उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"मास्तर, ह्या साखळीला लावू का थेंबभर? का हिचाबी उपास हाय?"

"साखळीला लावा, वहिनी. तिला लागतेच. पण करडईचे नको, माझ्या बाटलीतले."

"मंग तुमी हितंच उभं ऱ्हावा," त्या म्हणाल्या, "अन् थेंब मोजा."