डावं मडगार्ड

"पत्रा आहे हा, रबर नव्हे. माणसानं ठोकायचा तरी किती वेळा!" मडगार्डाच्या आतून मिस्त्री पुटपुटला.

पुटपुटला तो स्वतःशीच. पण काकू त्याच्यापासून हातभर अंतरावर रंगाच्या पालथ्या डब्यावर बसल्या होत्या आणि त्यांचे कान अजून शाबूत होते. त्यांनी पर्स उगीचच उघडली, आत डोकावल्या, बंद केली. न ऐकल्यासारखं दाखवण्यात हल्ली त्यांचा हात चांगलाच बसला होता.

गाडी दाराकडे तोंड करून उभी होती. बाटलीसारखा हिरवा रंग, गोल दिवे, आणि आजकालच्या गाड्यांना नसतात तशी गुबगुबीत मडगार्डं. काका तिला दुसरी लेक म्हणत. पहिली लेक यावर नाक मुरडायची, कारण दुसरीचं तेल गळलं तरी बाबा तिच्याखाली आडवे पडून सेवा करायचे, आणि हिला जुलाब झाले तर मात्र आईकडे पाठवायचे.

मिस्त्रीनं डावा दिवा काढून त्या भोकातून एक हात आत घातला होता. त्या हातात लोखंडी ठोकळा. दुसऱ्या हातात हातोडी, ती बाहेरून. ठोकळ्याचा आधार जिथं नेमका हातोडीखाली यायचा तिथं आवाज खणखणीत यायचा, जरा सरकला की बद्द. काकूंना आता तो फरक कळू लागला होता. इतक्या वेळा इथं बसल्यावर म्हैसही सतार ओळखू लागेल, असं त्या मनात म्हणाल्या.

"पत्रा ठोकून ठोकून पसरतो, काकू," मिस्त्री हात बाहेर काढत म्हणाला. "मग फुगतो. मग मी तो तापवायचा, ओलं फडकं मारून आवळायचा. पुन्हा ठोकायचा. मूळचा जाडजूड पत्रा, आता इथं कागद झालाय. पुढच्या वेळी माझी हातोडी आरपार जाईल."

"पुढच्या वेळी नाही येणार."

"हे तुम्ही मागच्या वेळीही म्हणालात."

मिस्त्रीनं नखानं पोच्याच्या कडेचा रंग खरवडला आणि बोट उजेडात धरलं.

"मागं खांबाचा पांढरा निघाला होता. त्याआधी फळवाल्याच्या गाडीचा निळा." त्यानं बोट पुन्हा उजेडात फिरवलं. "हा लाल आहे."

"शेजारच्या पोराची सायकल," काकू पर्सच्या बंदाशी खेळत म्हणाल्या. "भिंतीला टेकवलेली होती. पोरगं घरात जेवत होतं."

"जेवत होतं ना? मग ठीक."

"ठीकच."

मिस्त्रीनं ते बोट फडक्याला पुसलं. ठीक काहीच नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यात काका एका सकाळी दाढी करता करता आरशासमोरच खाली बसले. चार दिवस दवाखान्यात काढून घरी आले ते अगदी ठणठणीत. चालणं तेच, बोलणं तेच, कुरकुर तर दुप्पट. फक्त डाव्या गालावर खुंट राहायचे. ताटात डावीकडचं सगळं तसंच राहायचं आणि वर "आज वाढलंस कमी" अशी तक्रार. काकू पाणी द्यायच्या निमित्तानं उठायच्या आणि ताट हळूच फिरवायच्या. काका निमूट उरलेलं संपवायचे. लेक सुट्टीला आली, तिनं पहिल्या दिवशी आईला ताट फिरवताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनंच फिरवलं. मायलेकींची नजरानजर झाली आणि दोघी भांडी घासायला लागल्या. त्या दिवशी भांडी फार लख्ख निघाली.

डॉक्टर म्हणाले होते, डोळे एकदा नीट तपासून घ्या. काकांनी घरी येऊन भर बैठकीत सुईत दोरा ओवून दाखवला. "डोळ्यांना काय धाड भरलीय?" सगळी हयात नकाशे काढण्यात गेलेली, केसाएवढी रेघ चुकली तर रात्रीची झोप उडणारा माणूस. त्याला कोण सांगणार?

काकूंनी सांगितलं नाही. मीठ गेलं होतं, सिगारेट गेली होती, पत्ते खेळणाऱ्या मित्रांपैकी निम्मे गेले होते. गाडीही गेली तर या माणसात उरणार काय, असं त्यांना वाटायचं. मग त्यांनी एक युक्ती काढली. गाडी निघाली की त्या शेजारच्या सीटवर हजर. आणि मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. "अहो, बघा तरी त्या सायकलवाल्याचा शर्ट किती भडक!" "अगबाई, ती म्हातारी रस्ता ओलांडतेय, अगदी तुमच्या आत्यासारखी दिसते, नाही?" काका मान वळवायचे, ब्रेक लावायचे आणि करवादायचे, "किती बडबडतेस गं! गाडी चालवू देशील का?"

डावी बाजू त्या बोलून दाखवत होत्या, हे काकांना कळलं नाही. काकू बरोबर नसल्या की मात्र गाडीला पोचा पडायचा, आणि काकांना वाटायचं, चाक खड्ड्यात गेलं. मग त्याच दुपारी "जरा आवाज येतोय बाई इंजिनातून" म्हणत मिस्त्रीला निरोप. काका झोपेतून उठून गाडीभोवती फेरी मारायच्या आत ती गाडी इथं आणि मग परत घरी, नव्यासारखी. मिस्त्रीचं काम असं की ओळखून दाखवा. तो स्वतःही कधीकधी कौतुकानं बघत राहायचा, आणि मग त्याचं तोंड उतरायचं.

हे असंच चाललं असतं. पण लेकीची कामाची वेळ बदलली, ती नातीला घेऊन मुक्कामाला आली, आणि सोमवारपासून नातीला शाळेत सोडायचं काम आजोबांनी परस्पर अंगावर घेतलं. नात बसणार पुढच्या सीटवर, आजीच्या जागी. ती काय बडबडणार? तिला तर गाडीत बसलं की डुलकी लागते.

"मिस्त्री," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या, "इंजिन बसलं म्हणून सांगा ना त्यांना. आता दुरुस्त होणार नाही म्हणावं."

मिस्त्रीनं हातोडी खाली ठेवली. "या इंजिनाबद्दल? काकू, ते स्वतः बॉनेट उघडतील, कान लावतील आणि मला वेड्यात काढतील. तुम्हीच सांगा ना त्यांना."

"काय सांगू?"

"तेच..." मिस्त्रीनं मान खाली घातली. "काही नाही."

एवढ्यात दारात सावली आली.

"वा! इथं मैफल जमलीय होय?" काका होते. काखेत लाल ठिपक्यांची गुबगुबीत उशी. "म्हटलं आवाज कसला येतोय ते आपणच ऐकावं. आणि ही बसवून बघू. चिमणीला पुढचं दिसायला हवं ना, नाहीतर नुसतं डॅशबोर्ड बघत जाईल बिचारी."

ते दोन पावलं आत आले आणि थांबले. गाडीचं तोंड दाराकडे, त्यामुळे तिची डावी बाजू त्यांच्या बरोबर उजव्या हाताला आली होती. डोळा काढलेलं, रंग खरवडलेलं, अर्धवट सरळ झालेलं मडगार्ड.

"हे काय?"

काका पुढे झाले, तळवा सपाट करून पत्र्यावरून फिरवला. नकाशावरून फिरवावा तसा, हलक्या हातानं.

"कुणी ठोकली?"

"काका..."

"आवाज बघायला दिली होती आम्ही. ठोकायला नाही." त्यांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "इतकी वर्षं चालवतोय. एक ओरखडा नाही येऊ दिला मी हिच्यावर. एक! आणि तुम्ही हिला गल्ली पार करून इथवर आणायचीत, तर..."

मिस्त्रीनं कपाळाचा घाम बाहीनं पुसला. काकूंकडे बघितलं नाही.

"चुकलं, काका," तो म्हणाला. "वळवताना लागली. करून देतो, कळणारसुद्धा नाही."

"कळणारसुद्धा नाही! मला कळलं ना! तुम्हाला दिसत नाही का हो गाडी चालवताना?"

मिस्त्री उभा राहिला, हात लोंबकळत. कुणी चमचाभर पुट्टी जास्त लावली म्हटलं तरी भांडायला उठणारा माणूस. तो नुसता म्हणाला, "नाही दिसलं, काका."

काकू डब्यावरून उठल्या. गुडघा कटकन वाजला. उशी काकांच्या काखेतून केव्हाच निसटून डाव्या पायाशी पडली होती, लोखंडाच्या किसावर. त्या काकांच्या पाठीमागून वळसा घालून गेल्या, वाकल्या, उशी उचलली, झटकली आणि ती पोटाशी धरून तिथंच उभ्या राहिल्या.

"तूच बघ बाई," काका डब्याकडे वळत म्हणाले. "याच्या भरवशावर आपण..." डबा रिकामा होता. त्यांनी उजवीकडे बघितलं, मागं दाराकडे बघितलं. "आता ही कुठं गेली? आणि उशी? उशी कुठं ठेवली मी?"

मिस्त्रीनं तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या हातोड्या बघू लागला.

काकूंनी हात पुढे करून काकांच्या डाव्या कोपराला धरलं. काका दचकले. मग मान वळवली, पुष्कळ वळवली, तेव्हा त्यांना बायको दिसली, अगदी खांद्याशी, लाल ठिपक्यांची उशी घेऊन.

"कधीपासून उभी आहेस इथं?"

"हिवाळ्यापासून," काकू म्हणाल्या. "गाडी मिस्त्रींनी नाही ठोकली. तुम्ही ठोकलीत. ही आणि आधीच्याही. अहो, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."