समुद्राची हवा सोसत नाही

प्रभावतीला मुंबईच्या सरकारी इस्पितळात नर्स म्हणून नेमल्याचं पत्र आलं आणि मुकुटबनात समुद्राचे जाणकार किती आहेत ते एका दिवसात कळलं. गावापासून समुद्र अडीचशे कोस. पण तिथली हवा, भरती, मासळीचा वास सगळ्यांना तोंडपाठ.

साल एकसष्ट. प्रभावती नागपूरला शिकून चार वर्षं गावच्या दवाखान्यात बाळंतपणं करत होती. नवरा धर्मपाल प्राथमिक शाळेत मास्तर. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन तो धोंडूचा धर्मपाल झाला. गावचे पाटील पंजाबराव मात्र अजून धोंड्याच म्हणत. पाच वर्षांत त्यांच्या जिभेला वळण लागलं नव्हतं.

धर्मपाल माणूस सरळ, पण चौघांना विचारल्याशिवाय छत्रीसुद्धा घेणार नाही. तो पहिल्यांदा गेला हेडमास्तर नीळकंठरावांकडे.

"दमट हवा, मास्तर. माणसाची हाडं खिळखिळी होतात," नीळकंठराव म्हणाले.

"तुमी गेलते का गुरुजी?"

"जायला कशाला पाहिजे? भूगोल शिकवतो मी."

मग तो तांड्यावरच्या किसनसिंगाला भेटला. किसनसिंग ट्रक चालवायचा आणि कापसाच्या गाठी घेऊन तीनदा मुंबईला जाऊन आला होता.

"समुद्र? हाये नं. लय पाणी हाये."

"अन् हवा कशी हाये?"

"मले काय मालूम? मी तर गाडीखाली झोपलो होतो."

गावात समुद्र पाहिलेला हा एकटाच. त्यामुळे त्याचं मत कोणी धरलं नाही.

धर्मपाल घरी येऊन रोज नवी अडचण सांगायचा. प्रभावती ऐकून घ्यायची. तिच्याही मनात कमी गुंता नव्हता. इथं रानातल्या पोडावरच्या कोलाम आदिवासी बाया तिचं नाव घेऊन निरोप धाडत. तिथं शंभरातली एक होऊन राहायचं. कोणाला कधी कळा लागतील ते ती चालण्यावरून सांगायची. तिथं कोण कोणाचं चालणं बघतंय? पण इथं पाटलांच्या वाड्यात मोठ्या सुनेचं बाळंतपण करायला ती गोठ्याच्या दारानं आत गेली होती, आणि बाहेर पडल्यावर तिच्यामागं गोमूत्र शिंपडलं होतं. बाळाला पहिला हात तिचाच लागलेला. पण बाळाला आंघोळ घालता येते, त्यामुळे त्याची फार चिंता नव्हती.

आता पाटलांच्या धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते. म्हणून एका सकाळी पाटील स्वतः अंगणात आले. चहा नको म्हणाले, उपास होता. पाटलांचे उपास सोयीचे असत, बुद्धवाड्याकडे पाय वळले की लागत.

"नर्सबाई, तिकडचं पाणी खारट अस्ते म्हणते. तब्येती बिघडतीन तुमच्या."

सासू रुखमाबाई सुपात तूर पाखडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "पाटील, इथलं गोड पाणी तरी कधी पाजलं तुमी आमाले?"

पाटील खाकरले. "त्याच्यासाठीच आलो न, रुखमाबाई. आमच्या विहिरीवरून मांगच्या बाजूनं दोन घागरी नेत जा. सगळ्याईचं भरून झाल्यावर. तुमच्याच घरापुरतं हां धर्मपालजी, बाकीच्याईले सांगू नका."

धर्मपालजी! मास्तरचा चेहराच फुलला. पाटील गेल्यावर तो म्हणाला, "माणूस बदलून राह्यला वं. इचार कराले पायजे."

आतापर्यंत शांत असलेल्या प्रभावतीचा पारा चढला.

"दोन घागरीत बदलला? अन् सून मोकळी झाल्यावर? अहो, समुद्राचं राहू द्या. तुमाले काय बोचून राह्यलं ते सांगा."

धर्मपाल पुटपुटला, "तुले तिथं नोकरी हाये. मले नाई. लोक म्हणतीन, बायकोच्या मांगं मांगं गेला. गुरुजी तर हासून म्हणे, आता मास्तर पोळ्या लाटतीन."

"मंग लाटा. कामधंदा लागेपर्यंत लाटल्या तर हात झडते का? लोक आजवर कमी बोलले का आपल्याले? त्याईचं आयकलं असतं तर तुमी अजून धोंडूच राह्यले असते."

तेवढ्यात रुखमाबाईनं सूप खाली ठेवलं.

"त्याले पोळ्या येत नाई. मी येतो संगं."

झालं, मुंबई ठरली.

निघायच्या आठ दिवस आधी पाटलांची सून अडली. प्रभावती अर्थातच गेली, गोठ्याच्याच दारानं. दिवसभर झटली आणि मुलगा सुखरूप हाती दिला. पाटलीणबाईंनी खणनारळ तिच्या ओंजळीत वरून टाकला. दुसऱ्या दिवशी पाटील रस्त्यात धर्मपालला भेटले.

"काय गा धोंड्या, कधी चालला मुंबईले? जाय, जाय. तिथली हवा चांगली हाये म्हणते."

त्यानंतर मात्र मास्तरनं कोणालाही काही विचारलं नाही. वणीहून गाडी पकडली.

मुंबईत चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. समुद्र तिथून दिसतही नव्हता. दुसऱ्याच दिवशी प्रभावती दमून कामावरून आली, तर जिन्यातच सासूचा आवाज ऐकू आला. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून शेजारणीशी कडाक्याचं भांडण लागलं होतं. शेजारीण रुखमाबाईला कजाग म्हणाली, भांडकुदळ म्हणाली, कुठल्या रानातून आलीस म्हणाली. प्रभावती पायरीवर थांबून ऐकत राहिली. जात अजून निघाली नव्हती. विचारलीच नसेल कदाचित. आज ना उद्या विचारतीलही.

मास्तर दारात पिठाच्या हातांनी उभा होता. "आवर न वं मायले," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"राहू द्या," प्रभावती म्हणाली आणि चपला काढत आत गेली. "भांडू द्या त्याईले पोटभर."