वरोरच्या वाळूवरचा फळा

मित्रांनो, वाळूत उताणा पडलेला आणि अंगावर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घातलेला मी एक जुना गुंडाळीफळा आहे. हसू नका हं! आज माझ्या अंगाला मासळीचा वास येतो, पण माझा जन्म अर्थशास्त्रासाठी झाला होता.

काळं रेक्झिन आणि दोन टोकांना लाकडी दांडे, असा मी डहाणूच्या दुकानात उभा होतो. धनेश सरांनी मला निवडलं. ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, तळासरीच्या झरी गावाहून बाईकवर यायचे, आणि मी त्यांच्या पाठीला बांधलेला. वर्गातल्या भिंतीवरच्या फळ्यावरून खडू घसरायचा, म्हणून सगळा मान माझा!

काय ते दिवस होते! सर एका मुलाला ओळीने सहा चिकू खायला लावायचे. सहाव्याला त्याचं तोंड वाकडं झालं की घटत्या उपयोगितेचा नियम अख्ख्या वर्गाला कळायचा. एकदा सरांनी विचारलं, पापलेट महागलं तर तुम्ही काय कराल? वरोरची मयुरा उठून म्हणाली, "खूश होऊ सर. आम्ही खात नाही, विकतो." सर डस्टर हातात धरून हसत राहिले.

मयुरा शेवटच्या वर्षाला होती. तिच्या घरातून कॉलेजात पोचलेली ती पहिलीच. तिचे वडील नव्हते. तिची आई हिरकणी किनाऱ्यावर बोंबील सुकवायची. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि बांबूवर टांगायचे. त्या जोड्यांवर मयुराचं कॉलेज चालायचं.

मग आंतरराष्ट्रीय व्यापाराचा धडा आला. सरांचा एक लाडका आलेख होता. एका बाजूला सुके बोंबील, दुसऱ्या बाजूला परदेशी जाणारी सोललेली कोळंबी. दोन्हींच्या मधून एक वाकडी रेघ, वर बोंबलांच्या टोकाला 'अ', खाली कोळंबीच्या टोकाला 'ब'. रोज काढायला नको म्हणून सरांनी तो मयुराकडून पांढऱ्या ऑइलपेंटने माझ्यावर काढून घेतला. तिचा हात जरासुद्धा हलला नाही. मी किती मिरवलो म्हणून सांगू!

शिकलेलं गावापर्यंत पोचलं पाहिजे, असं सरांना मनापासून वाटायचं. एका रविवारी त्यांनी मला वरोरच्या किनाऱ्यावर एका होडीला टांगलं. झाई गावाच्या पलीकडे कोळंबी सोलायचा कारखाना निघाला होता. तिथे रोजची मजुरी बोंबलांपेक्षा जास्त पडते, हे सरांनी समजावून सांगितलं. बायका शेंगा खात ऐकत होत्या. हिरकणी मात्र उठून माझ्याजवळ आली.

"सर, या रेघेवर मी कुठं उभी?"

"इथे, ताई. अ वर. आणि तुम्हाला ब वर यायचंय."

"आणि मधी काय हाय?"

"मध्ये काही नाही," सर म्हणाले. "रेघच आहे."

नारळी पौर्णिमेनंतर हिरकणीने बांबू रोवले नाहीत. ती कारखान्यात गेली.

मित्रांनो, वरोरला एक रीत होती. किनाऱ्यावरच्या जागेचा कागद कुणाकडेच नाही. जी बाई हंगामाला बांबू रोवते, त्या हंगामाला जागा तिची. एक हंगाम चुकला की जागा दुसरीची. ही रीत तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. मयुराला ठाऊक होती. पण आलेख काढताना तिला ती आठवली नाही, आणि सरांनी विचारली नाही. माझ्यावर तेवढी जागा होती हो! डावा कोपरा कोराच होता.

दोन महिन्यांनी दूरच्या एका देशाने आयातशुल्क वाढवलं. मागणी आटली, कारखान्याला कुलूप लागलं. हिरकणी परत आली तेव्हा तिच्या जागेवर संगीताचे बांबू उभे होते, बोंबलांनी लगडलेले. संगीता काही वाईट बाई नव्हे, तिलाही तीन लेकरं. सर तिच्याकडे विनवायला गेले. ती जोड्या अडकवता अडकवताच म्हणाली, "सर, हा तुमचा फळा नाय. पुसला नि नवीन लिवलं."

सर हिरकणीच्या दारात आले. मग मला तिथेच भिंतीला टेकवून निघून गेले. पुन्हा त्यांनी मला नेलं नाही.

हिरकणीला किनाऱ्याच्या शेवटाला जागा मिळाली, जिथे मोठ्या भरतीला पाणी येतं. तिथे बांबू टिकत नाहीत, म्हणून ती माझ्यावर जवळा वाळवते. मयुरा परीक्षेला बसली नाही. ती आता पहाटे कंपनीच्या बसने उंबरगावला जाते आणि दिवसभर डब्यांवर झाकणं बसवते.

खाऱ्या पाण्याने माझा काळा रंग खाल्ला, पण ऑइलपेंटची रेघ अजून तशीच आहे. काल संध्याकाळी मयुराने माझ्यावरचा जवळा गोळा केला आणि तिचं बोट सहज अ वरून निघालं. अर्ध्यात थांबलं. टोपली उचलून ती घराकडे गेली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाला तरी शिकवाल. रेघा जरूर ओढा, पण पेंट हातात घेण्याआधी, मधे काय आहे असं जी विचारते ना, तिलाच आधी सांगू द्या. आणि मला कुणी उचलून न्यायला येऊ नका. नवं काही लिहिण्याजोगा मी उरलो नाही, आणि हिरकणीकडे जवळा वाळवायला दुसरं काही नाही.