भावजींचा ॲमेथिस्ट

भावजींची मेहुणी दागिन्यांच्या कारखान्यात खडे बसवायचं काम करायची. सगळे तिला धाकटी म्हणत. एका दुपारी भावजी, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, कामाच्या कपड्यांतच आले आणि त्यांनी मुठीतली अंगठी तिच्या टेबलावर ठेवली.

"याला परत जांभळा करता येईल का?"

धाकटीने भिंग लावलं. चार वर्षांपूर्वी ताईने विकत आणलेला हा ॲमेथिस्ट तिनेच चांदीत बसवला होता. तेव्हा पिकल्या जांभळासारखा होता. आता पिवळसर, चहाच्या डागासारखा दिसत होता.

"भावजी, काय केलंत याचं?"

"सैल झाली होती. दारू सुटली तशी बोटांवरची सूजही उतरली. म्हटलं, तुला कशाला त्रास, मीच आवळतो."

भावजी गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचे. डाख लावण्यात, म्हणजे धातू वितळवून सांधे जोडण्यात, त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी अंगठी कापली, तुकडा काढला आणि खड्यासकट गॅसच्या ज्योतीखाली धरली होती.

"खडा आधी काढायचा असतो," धाकटी म्हणाली. "हा एक प्रकारचा स्फटिकच. आत थोडं लोखंड असतं, त्याने जांभळा रंग येतो. जास्त तापवला की पिवळा पडतो. तसाच पिवळा करून विकतातही."

भावजींचं तिकडे लक्ष नव्हतं. "तुझी ताई म्हणाली होती, मी प्यालो तर खड्याचा रंग उडेल. तिला काय वाटेल? दुसरा बसव. तिला कळायच्या आत."

"प्यायलात का?"

"नाही. पण दारूच्या दुकानापर्यंत गेलो होतो. म्हटलं, रंग गेलाच आहे, आता कशाला राखायचं. तिथून वळलो आणि इकडे आलो."

धाकटीने भिंग खाली ठेवलं. डब्यात तसल्याच मापाचे दोन खडे होते, पण ती उठलीच नाही.

"मी ताईला काही सांगणार नाही. तुम्ही सांगा. हवं तर सोबत येते."

धाकटी भावजींबरोबर घरी गेली, तेव्हा ताई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. भावजींनी अंगठी पुढे केली आणि सगळं सांगून टाकलं, दुकानाचंसुद्धा. ताईने फडकं खांद्यावर टाकलं, नवऱ्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि बराच वेळ हुंगलं.

"कांदा खाल्लास," ती म्हणाली.

"डब्यात तूच दिला होतास."

ती खुर्चीवर बसली. "रंग उडतो, हे मी मनानेच जोडलं होतं. विकणारा एवढंच म्हणाला, हा खडा दारूपासून राखतो. मला वाटलं, तेवढ्याने तू ऐकणार नाहीस. मग माझ्याच डोक्यात ते बसलं. रोज सकाळी तू झोपेत असताना मी खडा बघायचे."

धाकटी मधे पडली. "फार जुन्या काळी एका देशात लोक या दगडाच्या पेल्यातून दारू प्यायचे म्हणे. चढू नये म्हणून."

"म्हणजे प्यायचेच ना," ताई म्हणाली, आणि तिलाच हसू फुटलं. भावजीही हसले, पण लगेच गंभीर झाले.

"दुकानापर्यंत गेलो, त्याचं काय?"

"परत पाय वळले, तर घरी ये. घर नको वाटलं, तर धाकटीकडे जा. पण खड्याला विचारू नकोस."

धाकटी म्हणाली, नवा खडा आणून देते. ताईला तो हवाच होता. भावजी मात्र म्हणाले, नको, जांभळा आला की तू परत रोज सकाळी बघत बसशील. त्यावर दोघांची थोडी खडाजंगी झाली, आणि त्यात ताईला हार मानावी लागली.

भावजी अजून पिवळ्या खड्याचीच अंगठी घालतात. गॅरेजमध्ये कोणी विचारलं, तर सांगतात, "डाख लावताना भाजला." त्यानंतरही त्यांना दोनदा दुकानाची आठवण झाली. एकदा ते घरी गेले, एकदा धाकटीच्या कारखान्यात. तिथे ते तासभर स्टुलावर बसून राहिले, आणि धाकटी शेजारी खडे बसवत राहिली.