छपरावरून उतरवलेली खोळ

मी रजईची खोळ. पूर्वी माणसं मला अंगावर घेऊन निजायची. आता मी शाळेच्या छपरावर असते आणि माणसं माझ्याखाली निजतात.

हाडोंगवाल्या आजींनी मला स्वतः विणलं, लग्नात माहेराहून, हाडोंग गावाहून आणलं. लढाई आमच्या कोरियाभर पसरली, घरं जळालेली माणसं शाळेत येऊन दाटली, तेव्हा मदत पथकातल्या इनरेने आजींकडे पांढरं कापड मागितलं. आजींनी मला रजईवरून उसवून दिलं. शेजारणींनी आपल्या तीन खोळी मला जोडल्या, एका नवरीने लाल घागरा दिला. त्याची फुली माझ्यावर शिवली. फुली दिसेल तिथे बॉम्ब टाकायचा नाही, असं पथकाने दोन्ही फौजांकडून कबूल करून घेतलं होतं. खाली बासष्ट जण होते. निम्मे तापाने फणफणलेले, जागचे हलवता न येणारे.

धुराड्याच्या काजळीने मी मळले. आजींना ते बघवेना.

"नव्या वर्षाचा सण तोंडावर आलाय, आणि माझी खोळ अशी? सगळं गाव बघतंय!"

"गाव नाही आजी, विमानं बघतात," इनरे तडकली. "त्यांना फुली दिसली की पुरे. हात लावू नका तिला."

"ऐकलंत गं? शिकलेल्या पोरींना मळकंच शोभतं म्हणे!"

बायका हसल्या. इनरे पाय आपटत नदीपार औषधं आणायला गेली.

तीन दिवस आभाळ भरलेलं होतं. चौथ्या सकाळी, इनरे परतायच्या आत, लख्ख ऊन पडलं. आजींनी शिडी लावून मला उतरवलं, राखेच्या पाण्यात भिजवलं, नदीवरचा बर्फ फोडून दांडक्याने बडवलं.

"दुपारपर्यंत वाळेल."

असं ऊन विमानांनाही हवं असतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

मग घरघर ऐकू आली. इनरे पुलावरून धावत आली.

"छप्पर उघडं टाकलंत? तुमच्या त्या स्वच्छतेपायी..." बोलता बोलताच तिने माझं एक टोक धरलं. आजींनी दुसरं उचललं.

आता दोघी मला घेऊन छपरावर चढल्यात. घाईत ओलीच दुमडल्याने वाटेत मी गोठले, घडीतच फळीसारखी ताठ झाले. इनरे हिसके देतेय. आजी घडीवर तोंडाची वाफ सोडतायत. फुली आत आहे. विमान वळलंय.

अरे वरच्या माणसा, मी आहे इथे. दुमडलेली आहे, पण आहे. अजून एक फेरी मार. तेवढ्यात मी उलगडते.