ताणलेली हिरवी तार

मी एक जुना कीपॅड आहे. हृस्का कुटुंबाच्या करड्या मिनीव्हॅनच्या पुढच्या दारावर, मुठीच्या जरा खाली, मला बसवलेलं आहे. मला पाच रबरी बटणं आहेत आणि प्रत्येकावर दोन-दोन आकडे. ठरलेले पाच आकडे ओळीने दाबले की किल्लीशिवाय सगळी दारं उघडतात. उघडायची.

मित्रांनो, माझी गोष्ट मला सरळ सांगता येणार नाही. मी सांगायला लागलो की जुलैतल्या त्या रविवारची दुपार मध्येच येते, आणि लोर्ना हृस्काचं बोट माझ्यावर पडतं.

६-८-९-१-३.

काही नाही.

चर्चचं आवार. जेवण आटोपून बहुतेक लोक घरी गेले होते. व्हॅनच्या मागच्या सीटवर, पट्ट्यांमध्ये बांधलेली, दहा महिन्यांची अडेला. तिला दात येत होते, म्हणून तिच्या आईने, लोर्नाने, तिला गाडीची किल्ली चावायला दिली, सरकतं दार ओढून घेतलं आणि रिकामं काचेचं भांडं सांभाळत ती पुढच्या दाराकडे आली. एवढ्यात अडेलाने किल्लीवरचं बटण चावलं. खट्. सगळी दारं बंद झाली. लोर्नाचा फोन आत, पिशवीत.

लोर्ना हसली. खरंच हसली. मी होतो ना!

माझा जन्म कारखान्यातल्या एका सरकत्या पट्ट्यावर झाला, पण आयुष्य सुरू झालं ते नेब्रास्कातल्या हृस्कांच्या अंगणात. त्याआधी लोर्नाने दोनदा किल्ली गाडीत ठेवून दार लावलं होतं. दुसऱ्या वेळी आत आइस्क्रीमचे चार डबे होते.

"आता किल्ली आत राहिली तरी बेहत्तर," तिचा नवरा वेंडेल माझं खोकं फोडत म्हणाला.

"आणि आकडे विसरले तर?"

"गावाचा पिनकोड ठेवलाय. तो कसा विसरशील?"

वेंडेलचे वडील एमिल पायरीवर बसून कॉफी पीत होते. "पिनकोड तर अख्ख्या गावाला पाठ आहे. मग कुलूप कशाला लावतोस?"

"डॅड, गावातलं कोण चोरी करणार आहे? चोर आला तर बाहेरूनच येणार. त्याला कुठे माहीत असणार पिनकोड?"

एमिलनी यावर बराच वेळ विचार केला. "गाडीला टेलिफोन लावलेला पहिल्यांदाच बघतोय," एवढंच म्हणाले.

६-८-९-१-३.

काही नाही. माझा दिवा मात्र लागला. तिने दाराला कंबरेने धक्का दिला आणि पुन्हा दाबलं.

मित्रांनो, हा धक्का कुठून आला, ते सांगायला हवं. वेंडेलचं काम शेतात पाणी फिरवणाऱ्या त्या लांबलचक चाकांच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं. तिथे तार नेहमी ताणून बांधतात, कारण सैल तार वाऱ्याने हलते, मक्यात अडकते आणि तुटते. वीस वर्षं त्याचे हात हेच शिकले होते. माझ्या चार तारा दारातून बिजागरीपाशी गाडीच्या अंगात न्यायच्या होत्या. तिथे एक रबरी नळी असते, तिच्यातून सैलसर वळण देऊन तार न्यायची असते. वेंडेलने शेजारी नवं भोक पाडलं आणि तारा ताणून, पीळ घालून, काळी पट्टी गुंडाळून पक्क्या केल्या. मग बोटाने छेडून पाहिल्या.

"गिटार झालीय नुसती," तो खुशीत म्हणाला.

पण शेतातल्या यंत्राला दार नसतं. दार उघडलं की तारा ओढल्या जात, मिटलं की दुमडत. दिवसातून दहा वेळा, वीस वेळा. सहा वर्षं मी एकदाही चुकलो नाही. बर्फात गोठलेल्या बोटांनी मला दाबलं, चिकट बोटांनी दाबलं. शेजारणी लोर्नाला म्हणत, "आमच्या ह्यांना सांग ना असं काही बसवायला." मी फुशारून जाई. आत हिरव्या तारेचा एकेक धागा तुटत होता. दार उघडण्याचा निरोप नेणारी तीच तार.

मग कधी तरी मी पहिल्या वेळी उघडेनासा झालो. एमिलनी दाराला कंबरेने धक्का दिला आणि मी उघडलो. घरात हशा पिकला. "नाचल्याशिवाय उघडत नाही बेटा!" तेव्हापासून सगळेच धक्का द्यायला लागले. धक्क्याने तारेची टोकं क्षणभर एकमेकांना टेकत, एवढंच होतं त्यात.

"वेंडेल, जरा बघशील का? काल चार वेळा दाबावं लागलं."

"उघडलं ना शेवटी?"

"उघडलं."

"मग बघतो. मक्याला तुरे आलेत, सगळ्यांची यंत्रं याच आठवड्यात बंद पडतायत. रविवारी बघतो."

असे दोन रविवार गेले. हा तिसरा होता, आणि आजही वेंडेल कुणाच्या तरी शेतात यंत्र दुरुस्त करत होता.

६-८-९-१-३. धक्का. ६-८-९-१-३. धक्का.

लोर्ना आता हसत नव्हती. काचेला कपाळ टेकून ती म्हणत होती, "इकडे बघ, अडू, मम्मा इथेच आहे. किल्ली दाब ना राजा. परत दाब." किल्ली अडेलाच्या हातून कधीच खाली पडली होती. जुलैत इथे मकासुद्धा घाम गाळतो, असं लोक म्हणतात. हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर बसते. आधी अडेला रडत होती. तिचे केस कपाळाला चिकटले होते.

मग तिचं रडणं बारीक झालं.

मी प्रत्येक वेळी निरोप पाठवत होतो. पाचही आकडे बरोबर होते. उघड, उघड, उघड! निरोप हिरव्या तारेतून बिजागरीपर्यंत जाई आणि तिथे संपे. मला ओरडता येत नव्हतं. मला फक्त दिवा लावता येत होता, आणि त्या दिव्याने मी तिला फसवत होतो. दिवा लागतोय म्हणून तिला वाटत होतं, आता उघडेल. मागच्या वेळी चौथ्यांदा उघडलं होतं. त्याआधी पाचव्यांदा. आता एकदाच, आता एकदाच...

मी पूर्ण बंद पडलेलो असतो तर तिने पहिल्याच मिनिटाला काच फोडली असती.

सभागृहात एमिल खुर्च्या रचत होते. पंख्यांच्या आवाजात त्यांना हाका ऐकू गेल्या नाहीत. ते बाहेर आले तेव्हा लोर्ना काचेचं भांडं खिडकीवर आपटत होती. भांडं फुटलं. खिडकी नाही.

"पोरी, सरक. डोळे मीट."

त्यांनी आपल्या पिकअपमधून ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा आणला. पलीकडच्या बाजूने, अडेलापासून सगळ्यात लांबच्या खिडकीवर, त्यांनी दोन घाव घातले. लोर्नाचं बोट अजून माझ्यावरच होतं.

६-८-९-१-

काच खळकन कोसळली. अख्खी गाडी हादरली.

-३.

खट्.

सगळी दारं उघडली. हादऱ्याने टोकं टेकली होती. लोर्नाने माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. त्या नजरेपुढे, मित्रांनो, सहा वर्षांचं कौतुक काहीच नाही. मग ती आत झेपावली.

अडेलाचं अंग तापलेलं आणि कोरडं होतं. एमिलनी सभागृहातून पाण्याचं भांडं आणून ओल्या रुमालांनी तिचे हातपाय पुसले. किती तरी वेळाने ती रडली, आणि ते रडणं ऐकून म्हातारा डांबरावरच बसला. दवाखान्यात तिला दोन दिवस ठेवून घेतलं. ती वाचली. तिसऱ्या मिनिटाला बाहेर निघायला हवी होती, ती अकराव्या मिनिटाला निघाली.

वेंडेलने दाराचं आतलं आवरण काढलं आणि हिरव्या तारेची तुटलेली दोन टोकं एकमेकांना टेकवून पाहिली.

"जोडून देतो," तो म्हणाला. "या वेळी सैल ठेवतो. नळीतून नेतो."

"मी तुला किती वेळा सांगितलं होतं?"

तो तारेची टोकं सोलायला लागला.

"जोडू नकोस," लोर्ना म्हणाली. "चारही काप. दिवासुद्धा लागता कामा नये."

त्याने कापल्या. मला काढलं असतं तर भोकातून पाणी आत गेलं असतं, म्हणून मी इथेच आहे. गाडीची एक किल्ली आता दोरीने लोर्नाच्या गळ्यात असते. झोपतानाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल. धक्का दिल्यावर चालणारी, दोनदा आपटल्यावर पेटणारी. तिच्यावर हसू नका. तिला आजच नीट करा, नाहीतर आजच बंद करा. तिला असं मध्येच लोंबकळत ठेवू नका. तिला स्वतःहून "माझ्यावर विसंबू नका" असं सांगता येत नाही.

अडेला आता चालते. गाडीला धरून उभी राहते आणि दोन्ही हातांनी माझी बटणं दाबते. एक-दोन, पाच-सहा, पुन्हा एक-दोन. मग दिव्याची वाट बघते.

दिवा लागत नाही. आता मी तिला फसवत नाही.